फुल बॉडी की स्प्लिट? आठवड्यातले चुकणारे दिवस मोजा, मग शेड्यूल ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, शिरपूर... गाव कुठलंही घ्या. जिममध्ये नवा पोरगा आला म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला एक शेड्यूल मिळतं: सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी लेग, शुक्रवारी बायसेप-ट्रायसेप. पोरगा मनापासून सुरुवात करतो. दुसऱ्या आठवड्यात नेमकी गुरुवारी केळीची गाडी भरायची असते, म्हणून मळ्यात थांबावं लागतं. चौथ्या आठवड्यात गुरुवारीच चुलतभावाची हळद येते. महिनाअखेरीस हिशेब मांडला तर छातीला चार दिवस मिळाले, पायांना दोन. तीन महिन्यांनी अंगात फरक दिसत नाही म्हणून पावडरचा डबा घरी येतो, आणि डब्यानंही फरक पडत नाही. ते शेड्यूल त्याच्या आठवड्याला बसणारं नव्हतंच, हे त्याला कोणी सांगत नाही.

फुल बॉडी म्हणजे दर वेळी संपूर्ण अंगाचा व्यायाम. स्प्लिट म्हणजे अंगाचे भाग पाडून एकेका दिवशी एकेक भाग. दोन्हींनी स्नायू वाढतात. तुमच्या आठवड्याला कोणतं बसेल आणि ते नेमकं कसं करायचं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

स्नायू कशाच्या हिशेबानं वाढतो

मोजायचे ते कसदार सेट. रेप म्हणजे हालचालीची एक फेरी, आणि न थांबता मारलेल्या रेप्सचा एक सेट. ज्या सेटच्या शेवटी आणखी फार तर एक ते तीन रेप्स निघाल्या असत्या, तो कसदार. वॉर्म-अपचे सेट यात धरायचे नाहीत. पहिल्या सहा-आठ महिन्यांत दर स्नायूला आठवड्याला ६ ते १० कसदार सेट पुरतात. वर्ष-दोन वर्षं नियमित झाली की १० ते १५ लागतात. त्यापुढचे आकडे स्पर्धेची तयारी करणाऱ्यांसाठी.

आता हे सेट आठवड्यात कसे वाटायचे? व्यायामानंतर स्नायूत नवीन प्रथिनं बसण्याचं काम साधारण एक ते दोन दिवस जोरात चालतं, अगदी नवख्याच्या अंगात थोडं जास्त. म्हणजे सोमवारी छाती मारली तर बुधवारपर्यंत तो जोर ओसरतो आणि पुढच्या सोमवारपर्यंतचे दिवस रिकामे जातात. २०१६ साली प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले तेव्हा आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा केलेला व्यायाम सरस ठरला. २०१९ मध्ये जास्त प्रयोग हाताशी आल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं: एकूण सेट सारखे ठेवले तर ते दोन दिवसांत वाटा की चार दिवसांत, फरक फार थोडा. फुल बॉडी आणि स्प्लिट यांची समोरासमोर तुलनाही, सेट सारखे असताना, बरोबरीतच सुटते.

मग 'एक दिवस एक भाग' वाईट का? वाईट नाही, पण त्यात दोन गळती आहेत. पहिली अशी की एकाच दिवशी छातीचे १६ सेट करायला गेलं तर आठ-दहा सेटनंतर छाती थकलेली असते. वजन उतरतं, रेप्स उतरतात, उरलेल्या सेटमध्ये कस राहत नाही. दुसरी गळती चुकलेल्या दिवसाची, आणि आपल्याकडे तीच मोठी.

चुकलेल्या दिवसाचं गणित

एक दिवस एक भाग असेल आणि गुरुवार चुकला, तर पायांना थेट पुढच्या गुरुवारी काम मिळतं. मध्ये १४ दिवस. सोमवार-बुधवार-शुक्रवार फुल बॉडी असेल आणि बुधवार चुकला, तर सगळ्या अंगाला ४ दिवसांचा खंड पडतो. शुक्रवार चुकला तर ५ दिवसांचा. आठवड्याचे सेट एक-तृतीयांश कमी होतात, पण कुठलाच भाग उपाशी राहत नाही.

म्हणून शेड्यूल निवडण्याआधी मागचे दोन महिने डोळ्यांसमोर आणा. आठवड्याला खरोखर किती दिवस जमले? कापूस वेचणीतले, एमआयडीसीतल्या रात्रपाळीचे, पिकाला रात्रीच्या लाइटीवर पाणी भरण्याचे, लग्नसराईचे दिवस वजा करून जो आकडा येतो, त्यावर ठरवा:

२ किंवा ३ दिवस: फुल बॉडी. दुसरा विचारच करू नका.
४ दिवस: वरचं अंग आणि खालचं अंग, असे दोन भाग आलटून पालटून.
५-६ दिवस, तेही वर्षभर टिकलेले: पुश (ढकलण्याचे व्यायाम), पुल (ओढण्याचे), लेग (पायांचे).

पहिलं वर्ष असेल तर दिवस कितीही मिळोत, फुल बॉडीनंच सुरुवात करा. स्क्वॅट आठवड्यातून एकदा करणारा आणि दोनदा करणारा यांच्या घडणीत सहा महिन्यांत उघड फरक दिसतो, कारण हालचाल अंगात बसायला ती वारंवार करावी लागते. जुन्या काळी हीच रीत होती. १९४७ चा मिस्टर अमेरिका स्टीव्ह रीव्हज आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी संपूर्ण अंग, अशाच पद्धतीनं तयार झाला होता.

तीन दिवसांचं फुल बॉडी

दोन दिवस तयार करायचे, 'अ' आणि 'ब'. पहिल्या आठवड्यात अ-ब-अ, दुसऱ्यात ब-अ-ब. मध्ये किमान एक दिवस सुट्टी.

दिवस अ
स्क्वॅट: ३ सेट, ६ ते ८ रेप्स
बेंच प्रेस: ३ सेट, ६ ते ८
रॉडनं वाकून रोइंग: ३ सेट, ८ ते १०
लेग कर्ल (मशिनवर गुडघ्यातून पाय मागे वळवणं): २ सेट, १० ते १२
लॅटरल रेज (डंबेल बाजूला खांद्यापर्यंत उचलणं): २ सेट, १२ ते १५
बायसेप कर्ल: २ सेट, १० ते १२

दिवस ब
रोमानियन डेडलिफ्ट: ३ सेट, ८ ते १०
इनक्लाइन डंबेल प्रेस: ३ सेट, ८ ते १०
लॅट पुलडाउन (केबलचा बार वरून छातीकडे ओढणं): ३ सेट, ८ ते १०
लंजेस: २ सेट, दर पायाला १०
शोल्डर प्रेस: २ सेट, ८ ते १०
ट्रायसेप पुशडाउन: २ सेट, १० ते १२

असं केलं की आठवड्याला छातीला ९, पाठीला ९, मांडीच्या पुढच्या आणि मागच्या भागाला प्रत्येकी ७ ते ८ सेट पडतात. हातांचे थेट सेट कमी दिसतात, पण प्रेसमध्ये ट्रायसेप आणि रोइंग-पुलडाउनमध्ये बायसेप आपोआप राबतो. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये २ ते ३ मिनिटं थांबा, छोट्यात एक-दीड मिनिट. सगळं मिळून तासाभरात आटोपतं. मुलींसाठीही हेच शेड्यूल. फक्त सुरुवातीची वजनं प्रत्येकीनं आपापल्या ताकदीनं ठरवायची.

सुरुवातीचं वजन ठरवताना आधी रॉडच वजनकाट्यावर ठेवा. तालुक्याच्या बऱ्याच जिममध्ये २० किलोचा जाड ऑलिम्पिक रॉड नसतो. पातळ रॉड ७ ते १० किलोचा भरतो, आणि लोक तो २० धरून हिशेब करतात. मग रिकाम्या रॉडनं १० रेप्स मारा, थोडं थोडं वजन चढवा, आणि आठ रेप्स झाल्यावर 'अजून तीन-चार निघाल्या असत्या' असं वाटेल तिथे थांबा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट करा, तिसरा दुसऱ्या आठवड्यापासून. पहिल्याच दिवशी सगळे सेट जोर लावून मारणारा पोरगा चार दिवस जिना उतरू शकत नाही आणि पाचव्या दिवशी यायचं बंद करतो. अंग किती दुखलं यावरून वाढ मोजता येत नाही. सवय झाली की दुखणं कमी होतं, वाढ चालूच राहते.

वॉर्म-अप: पाच मिनिटं दोरी किंवा सायकल. मग त्या दिवशीच्या पहिल्या व्यायामाचे चढते सेट. स्क्वॅट ५० किलोनं करायचं असेल तर रिकाम्या रॉडनं १०, ३० किलोनं ५, ४० किलोनं ३, मग ५० चा पहिला खरा सेट.

सगळ्यात जास्त चुकतं ते रोमानियन डेडलिफ्ट. लोक त्याचं स्क्वॅट करतात, नाहीतर पाठ गोल करून जमिनीला टेकायला जातात. रॉड मांडीला टेकवून उभे राहा. गुडघे किंचित सैल करा आणि पुढे त्यांचा कोन बदलू देऊ नका. मागे एखादा दरवाजा ढुंगणानं ढकलून लावायचा आहे असं समजून कंबर मागे न्या. रॉड मांडीवरून घसरत गुडघ्याच्या खाली येतो आणि मांडीच्या मागे ताण भरतो. ताण भरला की तिथूनच वर. नडगीच्या मध्यापलीकडे जायची गरज बहुतेकांना नसते. रॉड पायापासून दोन-तीन बोटं जरी पुढे सुटला तरी सगळा भार कमरेवर येतो. उतरताना पँटला रॉड घासल्याचा आवाज येत असेल तर हालचाल बरोबर आहे.

वही

पाच-दहा रुपयांची वही घ्या. तारीख, व्यायाम, वजन आणि प्रत्येक सेटच्या रेप्स. ही वही नसेल तर फुल बॉडी आणि स्प्लिट या वादाला काहीच अर्थ उरत नाही, कारण मागच्या वेळी किती मारलं तेच आठवत नाही.

बेंच प्रेसचं एक पान असं दिसतं. ४० किलो: ८, ७, ६. पुढच्या वेळी ४० किलो: ८, ८, ७. त्यापुढे ४० किलो: ८, ८, ८. तिन्ही सेटमध्ये आठ निघाल्या की वजन अडीच किलोनं वाढवायचं. ४२.५ किलो: ७, ६, ६. रेप्स पडल्या म्हणून घाबरायचं नाही, पुन्हा आठांकडे चढत जायचं. मोठ्या व्यायामांत शेवटी दोन रेप्स हातच्या राखा, छोट्यात एक. दोन राहिल्या हे ओळखायचं रॉडच्या वेगावरून: जोर तेवढाच लावूनही रॉड स्पष्ट हळू वर जायला लागला की दोन-तीनच उरल्या. अंदाज येत नसेल तर पुशडाउन किंवा लेग एक्स्टेन्शनसारख्या सुरक्षित मशिनवर एखादा सेट अगदी अडकेपर्यंत मारून बघा. बहुतेकांना तिथे कळतं की आपण रोज पाच-सहा रेप्स शिल्लक ठेवून उठतो. बेंचवर हा प्रयोग नको. वर उभा राहणारा साथीदार नसेल तर बेंचला डंबेल बरे.

अडचण येते प्लेटांची. १.२५ किलोच्या प्लेटा बऱ्याच ठिकाणी नसतात. सगळ्यात लहान २.५ ची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून एकदम ५ किलो. ४० वरून ४५ ही उडी साडेबारा टक्क्यांची आहे आणि तिथेच पोरं महिनोन् महिने अडकतात. उपाय सोपा: ४० किलोवर आठांऐवजी दहा रेप्सपर्यंत जा. ४० किलोच्या १० रेप्स निघतात तेव्हा ४५ च्या सहा-एक निघतात. तिथून पुन्हा चढायचं. नाहीतर १.२५ ची एक जोडी स्वतःची घ्या आणि पिशवीत ठेवा.

सलग तीन वेळा एखाद्या व्यायामात काहीच पुढे सरकलं नाही तर झोप आणि जेवण आधी तपासा, मग वजन १० टक्के उतरवून पुन्हा चढा. सहा ते आठ आठवड्यांनी एक आठवडा सेट निम्मे करा, वजन तेच ठेवा.

फुल बॉडीत काय बिघडतं

पाच दिवसांच्या शेड्यूलमधले सगळे व्यायाम एकाच दिवसात कोंबले जातात. चौदा व्यायाम, दोन तास, शेवटचे सहा नुसते उरकलेले. सहा व्यायाम म्हणजे सहाच.

जड स्क्वॅट आणि जड डेडलिफ्ट एकाच दिवशी घेतले की कंबर दोन्हींत राबते आणि दुसऱ्याचा कस जातो. वर ते मुद्दाम वेगळ्या दिवशी ठेवले आहेत.

शेवटी येणारा व्यायाम कायम शेवटीच राहतो. खांदे मागे पडले असतील तर महिनाभर ब दिवसाची सुरुवात शोल्डर प्रेसनं करा. आधी येतं ते वाढतं.

आणि गर्दी. संध्याकाळी सात ते नऊ दरम्यान सहा साधनं मोकळी मिळणं अवघड, फुल बॉडीची ही खरी अडचण आहे. सोमवारी सगळं गाव बेंचवर असतं आणि स्क्वॅटचा रॅक ओस पडलेला असतो, म्हणून अ दिवसाची सुरुवात रॅकवरून केलेलीच बरी. बेंच नाहीच मिळाला तर एका कोपऱ्यात डंबेल घेऊन प्रेस आणि एका हाताचं रोइंग आलटून पालटून करा, मध्ये एक-दीड मिनिट. समोरासमोरच्या स्नायूंची अशी जोडी लावली तर एक राबताना दुसरा विसावतो आणि वेळही वाचतो. रोइंग आणि डेडलिफ्ट यांची जोडी मात्र लावू नका, दोन्हींत कंबर.

चार दिवस मिळायला लागले तर

फुल बॉडीचं सत्र सव्वा तासाच्या पुढे जायला लागलं, शेवटचे व्यायाम महिनाभर जागचे हलेनात, किंवा एखाद्या भागाला आहेत त्यापेक्षा जास्त सेट हवेत, तेव्हा बदलायची वेळ झाली. त्याआधी नको.

वर १: बेंच प्रेस ४, रॉड रोइंग ३, शोल्डर प्रेस ३, लॅट पुलडाउन ३, कर्ल २, पुशडाउन २.
खाली १: स्क्वॅट ४, रोमानियन डेडलिफ्ट ३, लेग प्रेस २, लेग कर्ल २, पोटऱ्या ३.
वर २: इनक्लाइन डंबेल प्रेस ४, पुल-अप्स ३, बसून केबल रोइंग ३, फ्लाय २, लॅटरल रेज ३, कर्ल २, ट्रायसेप २.
खाली २: लेग प्रेस ४, रोमानियन डेडलिफ्ट २, लंजेस ३, लेग कर्ल ३, पोटऱ्या ३, पोटाचा एक व्यायाम.

छातीला १०, पाठीला १२ सेट होतात. वारांना बांधून घेऊ नका. वहीत फक्त 'पुढचा: खाली १' असं लिहून ठेवा. गुरुवार चुकला तर शुक्रवारी तेच सत्र, बाकी सगळं एक दिवस पुढे. एवढ्या एका सवयीनं स्प्लिटमधली पाय बुडण्याची खोड मोडते.

पुश-पुल-लेगचं तंत्र तेच, प्रत्येक सत्र आठवड्यातून दोनदा, सत्रामागे १२ ते १५ सेट. पाच-सहा दिवस खरोखर येणाऱ्यालाच ते फळतं. तीनच दिवस येऊन पुश-पुल-लेग केलं तर प्रत्येक भाग आठवड्यातून एकदाच होतो आणि आपण पुन्हा 'एक दिवस एक भाग'च्या शेड्यूलपाशी येतो.

ज्यांना 'एक दिवस एक भाग' सोडवतच नाही, त्यांनी निदान क्रम बदलावा. सोमवारी चेस्ट, मंगळवारी शोल्डर, बुधवारी ट्रायसेप म्हणजे खांद्याचा पुढचा भाग आणि कोपर सलग तीन दिवस भरडले जातात. कोपराची आणि खांद्याची दुखणी पुष्कळदा इथूनच लागतात. चेस्टनंतर पाय घाला, मग शोल्डर, मग बॅक, मग हात. हातांच्या दिवशी छाती-पाठीचे दोन-तीन सेट आधी मारले की दुसऱ्यांदा कामही मिळतं.

जिम नसेल तर

जोर-बैठका म्हणजे मुळात फुल बॉडीच, आणि तालमीतली पोरं त्यावर तयार झालेली आपण बघतो. फक्त आकड्यामागे धावू नका. सेटमध्ये ५ ते ३० रेप्स, शेवट जड, या टप्प्यात स्नायू चांगले वाढतात. सलग १०० बैठका निघत असतील तर तो दमाचा व्यायाम झाला. अशा वेळी रेतीनं भरलेली १० किलोची गोणी खांद्यावर घ्या, खाली जाताना तीन आकडे मोजा, आणि २० च्या आसपास अडकाल असं बघा. जोर सोपे झाले की पाठीवर दप्तरात वजन. ओढण्याचा व्यायाम जोर-बैठकांत नाही, म्हणून झाडाच्या फांदीला किंवा शाळेच्या मैदानातल्या बारला लटकून पुल-अप्स हवेतच. जमत नसतील तर उडी मारून वर जा आणि पाच सेकंदांत सावकाश उतरा, पाच-पाचचे तीन सेट.

शेतकाम आणि भरती

केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा. असे शे-दीडशे घड वाहिले तर तो पायांचा आणि कमरेचा दिवस झाला, वहीत तसं लिहा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्क्वॅट-डेडलिफ्ट नको. प्रेस, पुलडाउन आणि हात करून घरी जा. कापूस वेचणीत दिवसभर वाकून कंबर आखडते, त्या काळात रॉड रोइंगऐवजी छाती बेंचला टेकवून डंबेल रोइंग करा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी आठवड्याला दोनच फुल बॉडी दिवस ठेवावेत. १६०० मीटर आणि १०० मीटर पळायचं तर पाय ताजे लागतात. वेगाच्या धावण्याच्या आदल्या दिवशी जड पाय मारले की वेळ हमखास पडते. सकाळी पळणं, त्याच संध्याकाळी वेट, आणि दुसरा दिवस हलका, हे जमवता आलं तर सगळ्यात बरं. गोळाफेकीला शोल्डर प्रेस आणि स्क्वॅट दोन्ही कामाला येतात.

ताट

स्नायू वाढवायला शरीराच्या दर किलोला रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. आपल्या ताटात हे बसतं, मात्र मोजावं लागतं. तीन किलो ज्वारीला एक किलो उडीद धरून दळलेल्या कळण्याच्या १०० ग्रॅम पिठात साडेतेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, नुसत्या ज्वारीत दहा. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी पडतो, तो उडीद भरून काढतो, म्हणून कळण्याची भाकरी ही व्यायाम करणाऱ्याची भाकरी आहे.

एक दिवस असा मांडा. सकाळी ३ उकडलेली अंडी आणि पाव लीटर दूध: २६ ग्रॅम. दुपारी कळण्याच्या दोन भाकरी आणि ५० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, सोबत भरीत: २७. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि केळं: ८ ते ९. रात्री ५० ग्रॅम सोयाबीन वडीची भाजी आणि दोन पोळ्या: ३४. झाले ९५-९६. माळकरी घरात अंड्यांऐवजी १०० ग्रॅम पनीर, प्रथिनं तेवढीच. फुणके म्हणजे वाफवलेली तूरडाळ, तेही उत्तम. शेवभाजीत बेसन असलं तरी तेल फार, तिला प्रथिनांच्या हिशेबात धरू नका.

व्यायामाआधी पाऊण तास एक-दोन केळी. एकात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात, आणि बाजारातल्या कुठल्याही पाकिटापेक्षा ती आपल्याकडे स्वस्त आणि ताजी. आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वजन वाढलं पाहिजे. जास्त वाढलं तर पोट सुटतं, अजिबात नाही वाढलं तर रोज एक भाकरी आणि एक पेला दूध वाढवा. पूरक घ्यायचंच असेल तर क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणि प्रथिनांचा मोठा आकडा दोन्ही टाळावेत.

मे महिना आणि लग्नसराई

पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या शेडमधली जिम संध्याकाळी सहालाही तापलेली असते. सकाळी साडेपाच-सहाची वेळ धरा. सेट एक-तृतीयांशानं कमी करा, वजन तेच, विश्रांती एक मिनिट जास्त. कमावलेला स्नायू टिकवायला कमावताना लागलेल्या सेटच्या तिसरा हिस्साही पुरतो, त्यामुळे या दोन महिन्यांत काही बुडत नाही. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लीटर पाणी आणि मीठ घातलेलं ताक पोटात जायला हवं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं तर सेट तिथेच सोडा आणि सावलीत अंगावर पाणी घ्या. शुद्ध हरपायला लागली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर पाणी ओतत ओततच दवाखाना गाठा. खूप व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली आणि स्नायू फार सुजून दुखत असतील तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नांमुळे दोन-तीन आठवडे खंड पडला तर वहीतलं शेवटचं पान काढा. पहिल्या आठवड्यात त्याच्या ७० टक्के वजन आणि निम्मे सेट. दुसऱ्या आठवड्यात ८५ टक्के वजन, सेट पूर्ण. तिसऱ्या आठवड्यात जुनं वजन बहुतेक परत येतं. शेवटी ५० किलोनं स्क्वॅट केलं असेल तर परत आल्यावरच्या पहिल्या दिवशी रॉडसकट ३५ किलो लावा आणि आठ-आठचे दोन सेट मारून थांबा.